प्यूचा धर्म-सर्वे आणि त्याचा फुकट डेटा: नीट वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

भारतातल्या मुस्लिमांबद्दल किंवा एकूणच इथल्या धर्मांबद्दल काही लिहायचं असो, शिकवायचं असो नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालायचा असो, गेली काही वर्षं सगळे एकच गोष्ट पुढे करतात ती म्हणजे प्यू रिसर्च सेंटरचा सर्वे. वॉशिंग्टनची संस्था, २९ जून २०२१ ला त्यांचा भारतातल्या धर्मांवरचा मोठा रिपोर्ट आला आणि नंतर त्यामागचा कच्चा डेटा पण त्यांनी खुला केला. मी समाजशास्त्र शिकवते, एमएच्या पोरांना घेऊन रिपोर्ट आणि डेटा फाइल दोन्ही भरपूर उघडून बघितलेत. म्हणून एखाद्या वस्तूचा लिहितात तसा सविस्तर रिव्ह्यू लिहितेय, कारण बातमीचा मथळा वाचून मत बनवणारे ढीगभर आहेत आणि फाइल उघडणारे फार म्हणजे फारच कमी.

आधी किंमत. शून्य रुपये. रिपोर्टची पीडीएफ तशीच उतरवता येते, डेटासाठी साइटवर एक अकाउंट उघडायचं, अटी मान्य करायच्या, फाइल मिळते. ही गोष्ट किती मोठी आहे हे छोट्या कॉलेजात शिकवणाऱ्यालाच कळेल. या विषयावरचं नावाजलेलं जर्नल म्हणजे ‘जर्नल ऑफ मुस्लिम मायनॉरिटी अफेअर्स’, ते टेलर अँड फ्रान्सिसचं, आणि त्यातला एकच लेख विकत घ्यायचा म्हटलं तरी डॉलरमधला आकडा बघून पोरं टॅब बंद करतात. महागडी जर्नल्स संस्थांना एकत्र खुली करून देणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू झाली, सरकारी संस्थांना तिचा फायदा आहे, पण सगळी कॉलेजं काही त्यात येत नाहीत. त्यामुळे ज्या विषयावर जगभर एवढा अभ्यास होतो तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याच मुलांना वाचायला मिळत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशा परिस्थितीत जवळपास ३० हजार लोकांच्या समोरासमोर घेतलेल्या मुलाखती कुणी फुकट हातात देत असेल तर पहिले मार्क तिथेच द्यायला पाहिजेत.

आता मालात काय आहे ते. एकूण २९,९९९ प्रौढ माणसं, १७ भाषा. त्यात हिंदू २२,९७५, मुस्लिम ३,३३६, शीख १,७८२, ख्रिश्चन १,०११, बौद्ध ७१९ आणि जैन १०९. हे आकडे पाठ करून ठेवा, पुढे लागणारेत. काश्मीर खोऱ्यात सुरक्षेमुळे मुलाखती झाल्या नाहीत, मणिपूर आणि सिक्कीम कोरोनामुळे राहिले. म्हणजे देशातला जो भाग सगळ्यात जास्त मुस्लिम आहे तोच यात नाही, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय पण बातम्यांमध्ये कुठेच नव्हतं.

गाजलेले आकडे तुम्ही ऐकलेच असतील. ९१ टक्के हिंदू आणि ८९ टक्के मुस्लिम म्हणतात की आम्हाला आमचा धर्म पाळायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. ८४ टक्के लोकांच्या मते खरा भारतीय असायला सगळ्या धर्मांचा आदर करणं खूप महत्त्वाचं. ९५ टक्के मुस्लिमांना भारतीय असल्याचा खूप अभिमान आहे. आणि याच लोकांपैकी ६७ टक्के हिंदू म्हणतात की आपल्या बायकांनी दुसऱ्या धर्मात लग्न करणं थांबवणं खूप महत्त्वाचं, मुस्लिमांमध्ये हेच म्हणणारे ८० टक्के. ३६ टक्के हिंदूंना शेजारी मुस्लिम नको. उलट्या बाजूने हिंदू शेजारी नको म्हणणारे मुस्लिम १६ टक्के. आदर सगळ्यांचा करू पण घर, लग्न, पंगत आपापली, असं ते चित्र आहे, आणि आपल्याकडे जो कुणी गावात राहिलाय त्याला हे वाचून धक्का बसायचं कारण नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला आकडा वेगळाच आहे. कर्मावर विश्वास आहे का हा प्रश्न, हिंदू ७७ टक्के हो म्हणाले आणि मुस्लिमही ७७ टक्के. कॉम्प्युटर लॅबमध्ये हे टेबल आम्ही पोरांकडूनच काढून घेतलं, रिपोर्टमधून नाही, फाइलमधून. स्क्रीनवर नुसत्या आकड्यांच्या उभ्या रांगा असतात, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक माणूस, त्याचा धर्म एका खान्यात १, २, ३ असा, त्याचं उत्तर दुसऱ्या खान्यात, ‘माहीत नाही’ला वेगळा कोड, ‘सांगायचं नाही’ला वेगळा. टेबल आलं तेव्हा दापोलीकडची एक मुस्लिम मुलगी म्हणाली, मॅडम यात काय नवल, माझी आजी पण म्हणते की केलेलं इथेच फेडायचंय. तिच्या शेजारची म्हणाली माझी पण. पाच मिनिटं वर्गात नुसत्या आज्याच चालल्या होत्या. इस्लाम म्हणजे हे, हिंदू धर्म म्हणजे ते, असं पुस्तकातून वर्षभर शिकवून जे पोहोचत नाही ते या एका टेबलाने पोहोचलं. लोकांचा धर्म आणि ग्रंथातला धर्म यात अंतर असतं हे समाजशास्त्रातलं अगदी मूळचं सांगणं आहे, ते इथे आकड्यात दिसतं.

तसंच बौद्धांचं. भारतातल्या बौद्धांपैकी तिघात एक जण म्हणतो की माझा देवावर विश्वास नाही. बाहेरच्या वाचकाला याचं आश्चर्य वाटेल, मराठी वाचकाला १४ ऑक्टोबर १९५६ आणि बावीस प्रतिज्ञा माहीत आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात, त्यामुळे ‘इंडियन बुद्धिस्ट’ म्हणून जो गट या रिपोर्टमध्ये वावरतो त्याच्या मागे आपल्याकडचा केवढा इतिहास आहे हे समजून मगच तो वाचायला हवा.

तलाकचा प्रश्न पण यात आहे. तीनदा तलाक म्हणून नवऱ्याला लग्न मोडता यायला नको असं ५६ टक्के मुस्लिम म्हणतात, यायला हवं म्हणणारे ३७ टक्के, आणि बायकांमध्ये विरोध पुरुषांपेक्षा जास्त. सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१७ चा, कायदा २०१९ चा, सर्वे त्याच्या लगेच नंतरचा. पण ज्या राज्यात १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध विधिमंडळावर मोर्चा काढला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं, तिथल्या माणसाला हा आकडा वाचताना त्या सातजणी आठवणारच. वाटतं की कुणी हा प्रश्न १९६६ मध्ये विचारला असता तर काय आलं असतं. तेव्हा विचारणारंच कुणी नव्हतं, म्हणून तर अशा सर्वेची किंमत.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

पहिली तारखेची. रिपोर्ट २०२१ चा म्हणून लोक तो २०२१ चं जनमत समजून वाचतात. मुलाखती झाल्या १७ नोव्हेंबर २०१९ ते २३ मार्च २०२०. जरा आठवा त्या चार महिन्यांत काय काय झालं. डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा, मग देशभर आंदोलनं, फेब्रुवारीत दिल्लीची दंगल, आणि मुलाखती संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी लॉकडाउन जाहीर झालं. तबलिगींवरून जे वातावरण तापलं ते त्याच्याही नंतरचं, म्हणजे ते यात अजिबात नाही. एखाद्या मुस्लिम माणसाच्या दारात डिसेंबरच्या आधी येऊन ‘तुमच्या समाजाशी भेदभाव होतो का’ विचारणं आणि फेब्रुवारीत अनोळखी माणसाने टॅब घेऊन तेच विचारणं, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यात नागरिकत्व सिद्ध करायच्या कागदपत्रांची भीती होती ती वेगळीच. २४ टक्के मुस्लिम म्हणाले की भारतात मुस्लिमांशी खूप भेदभाव होतो. हा आकडा काहींनी ‘बघा, फक्त २४’ म्हणून नाचवला, काहींनी ‘बघा, तब्बल २४’ म्हणून. कुणीही हे विचारलं नाही की दारात आलेल्या माणसाला लोक किती खरं सांगत असतील.

दुसरी तक्रार म्हणजे सरासरीची. गेल्या बारा महिन्यांत स्वतःला धर्मामुळे भेदभाव सोसावा लागला असं देशभरातले २१ टक्के मुस्लिम म्हणाले, पण उत्तर भारतात तोच आकडा ४० टक्के. एकाच प्रश्नाचं दुप्पट उत्तर! मग २१ हा आकडा नक्की कुणाचा म्हणायचा? सचोटी म्हणून प्यूने विभागवार आकडे दिलेत, पण त्यांचे विभाग सहाच. आपण ‘पश्चिम’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, गोवा, दमण-दीव, दादरा नगर हवेली सगळं एका टोपलीत. रत्नागिरीचा कोकणी मुसलमान जो घरी कोकणी बोलतो आणि ज्याच्या घरातलं कुणी ना कुणी आखातात असतं, मालेगावचा यंत्रमागवाला मोमीन, मराठवाड्यातला दखनी बोलणारा शेतमजूर, भेंडीबाजारातला बोहरा व्यापारी आणि अहमदाबादच्या जुहापुऱ्यातला माणूस, यांची सरासरी काढून जे येतं ते नक्की कुणाचंच नसतं.

हे नुसतं भावनेने बोलत नाहीये, हिशोब करून बघा. २०११ ला देशात १७.२ कोटी मुस्लिम, त्यातले महाराष्ट्रात साधारण १.३ कोटी, म्हणजे साडेसात टक्के. नमुन्यातले ३,३३६ त्याच प्रमाणात विभागले असं धरलं तर महाराष्ट्राच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास माणसं येतात. एवढ्या नमुन्यात अगदी साध्या सूत्राने सुद्धा सहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि घरं गटागटाने निवडलेली असतात त्यामुळे खरी चूक त्याहून जास्त. त्या अडीचशेत परत कोकणी किती, मोमीन किती, पिंजारी-बागवान-अत्तार किती? तेव्हा ‘महाराष्ट्रातल्या मुस्लिमांना काय वाटतं’ यासाठी हा डेटा वापरू नका, तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

जैनांचं तर याहून नाजूक आहे. ५४ टक्के जैनांना मुस्लिम शेजारी नको, हा आकडा मुंबईतल्या सोसायट्यांच्या भांडणात शेकडो वेळा फिरवला गेला. तो उभा आहे १०९ माणसांवर. साध्या हिशोबानेच नऊ-साडेनऊ टक्क्यांचा फरक वर किंवा खाली पडू शकतो, प्रत्यक्षात अजून जास्त. प्यूने नमुना किती ते लपवलेलं नाही, पण तोच आकडा फोटोत टाकून फिरवणाऱ्यांनी १०९ कधीच लिहिलं नाही. एका अख्ख्या समाजाला त्यावरून नावं ठेवणं मला पटत नाही.

आणि शेजाराबद्दल एक अजून. ‘शेजारी चालेल का’ हा प्रश्न मनातलं विचारतो. घर मिळतं का नाही ते तो सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या पद्धतीचं संशोधन लागतं, ज्यात एकसारखीच चौकशी वेगवेगळ्या नावांनी करून बघतात. आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी असं काम केलंय आणि त्यात मुस्लिम आणि दलित नावांना नकार आणि जास्तीच्या अटी स्पष्ट दिसल्या. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती का गेली आणि परत का आली नाहीत याचं उत्तर ‘चालेल/चालणार नाही’ असल्या खान्यात बसत नाही. मुंब्र्यात वाढलेल्या मुलीला कुणी विचारलं की शेजारी हिंदू चालेल का, तर ती हो म्हणेल, पण तिच्या मजल्यावर हिंदू शेजारी कधी होताच कुठे!

म्हणून मी पोरांना कायम सांगते की प्यू एकटा वाचू नका, शेजारी सच्चर समितीचा रिपोर्ट ठेवा. न्या. राजिंदर सच्चर, देशातल्या मुस्लिमांची सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक स्थिती बघायला केंद्राने नेमलेली समिती मार्च २००५ ची, रिपोर्ट ३० नोव्हेंबर २००६ ला संसदेत मांडला. प्यू सांगतो लोकांना काय वाटतं, सच्चर सांगतो लोकांकडे काय आहे. आयएएसमध्ये तेव्हा मुस्लिम ३ टक्के, आयपीएसमध्ये ४, रेल्वेत साडेचार. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी फक्त ३-४ टक्के, या एका वाक्याने किती गैरसमज दूर व्हायला हवे होते आणि किती झाले ते आपण बघतोच. शिवाय मुस्लिम म्हणजे एक ठोकळा नाही, त्यात जवळपास ४१ टक्के ओबीसी आहेत, अश्रफ (वरच्या मानलेल्या जाती), अजलाफ (मधल्या, कारागीर जाती), अरझल (दलितांसारख्या जाती) असे थर आहेत, हे सरकारी कागदावर एवढं स्वच्छ तिथे आलं. महाराष्ट्रासाठी डॉ. महमूदुर रहमान समिती नेमली होती, तिचा रिपोर्ट ऑक्टोबर २०१३ चा, त्यानंतर २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश, हायकोर्टाने शिक्षणातलं राहू दिलं आणि नोकऱ्यांतलं थांबवलं, मग अध्यादेशच संपला. आपल्या राज्यावर काम करणाऱ्याने खरी सुरुवात या रिपोर्टपासून करावी, प्यू त्याच्यानंतर.

लोकसंख्येवरून जे भांडतात त्यांच्यासाठी प्यूचाच दुसरा छोटा रिपोर्ट आहे, सप्टेंबर २०२१ चा, तो मला पहिल्यापेक्षा जास्त नेटका वाटला कारण त्यात मतं नाहीत, जनगणना आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आहेत. मुस्लिम बाईमागे मुलं १९९२ ला ४.४ होती ती २०१५ ला २.६ झाली, हिंदूंमध्ये ३.३ वरून २.१. नंतरच्या सर्वेक्षणात अजून खाली, २.४ आणि १.९. दोन्ही रेषा उतरतायत आणि मुस्लिमांची जास्त वेगाने. यापुढे काय झालं ते कळायला जनगणना लागते आणि ती २०११ नंतर झालीच नाही, आता २०२७ ची. तोपर्यंत सगळेच अभ्यासक जुन्या पायावर नवीन मजले बांधतायत, प्यू पण.

परदेशी संस्थेचा आहे म्हणून सरसकट नाकारणारे पण भेटतात. पैसा प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स आणि जॉन टेम्पलटन फाउंडेशनचा, हे त्यांनी स्वतः छापलंय. प्रश्न कसे विचारले, नमुना कसा निवडला, काय राहिलं, सगळं मागे जोडलंय. शंका असेल तर फाइल उघडा आणि आकडा चुकीचा काढून दाखवा, तशी सोय त्यांनीच दिलीये. आपल्याकडच्या किती संस्था आपला कच्चा डेटा असा देतात? मला तर रिपोर्टपेक्षा ही पारदर्शकता जास्त मोलाची वाटते.

गुण द्यायचे तर डेटाला पाचातले साडेचार, रिपोर्टला चार, आणि महाराष्ट्रापुरतं उपयोगी आहे का म्हणाल तर दोन. पत्रकार, एमए-पीएचडी करणारे, शिक्षक, कार्यकर्ते यांनी नक्की घ्यावा. ज्याला एक वाक्य उचलून कुणाच्या तरी तोंडावर फेकायचंय त्याने घेऊ नये, त्याला दोन्ही बाजूंची वाक्यं मिळतील.

डेटा उतरवणाऱ्यांसाठी एक व्यवहारातली गोष्ट. फाइल एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे .sav प्रकारची येते, पण ते महागडं सॉफ्टवेअर घ्यायची अजिबात गरज नाही, त्यासारखंच पीएसपीपी (PSPP) फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं, आर (R) ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर अजून उत्तम. उघडल्यावर कुठलंही टेबल काढायच्या आधी डेटा मेनूत जाऊन वेट केसेस चालू करा. नमुन्यात शीख जवळपास ६ टक्के आहेत, देशात १.७. बौद्ध २.४ आहेत, देशात ०.७. मुस्लिम उलट ११ टक्केच आहेत, देशात १४.२. छोट्या समाजांची माणसं मुद्दाम जास्त घेतलीत म्हणजे त्यांच्याबद्दल काही बोलता यावं, आणि मग वेट लावून देशाचं प्रमाण परत जुळवायचं असतं. वेट न लावता देशाचे आकडे काढले तर ते रिपोर्टशी जुळणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल प्यूने काहीतरी लपवलंय. वेटचा कॉलम कुठला ते सोबतच्या कोडबुकात दिलेलं असतं, आधी ते प्रिंट काढून टेबलावर ठेवा, मग कामाला लागा.